सोलापुरात राहून लांब पल्ल्याची एमटीबी स्पर्धा कशी निवडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्यातून दोन-तीनदा सायकल चालवणारे, रविवारी अक्कलकोट किंवा तुळजापूर करून येणारे बरेच जण आता डोंगरातल्या मोठ्या एमटीबी (माउंटन बाइक) स्पर्धेचा विचार करू लागले आहेत. त्यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथंच निर्णय चुकतात.

लांब पल्ल्याची एमटीबी स्पर्धा म्हणजे किती किलोमीटरची?

यूसीआय ही सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या नियमांत एमटीबी मॅरेथॉन म्हणजे ६० ते १६० किलोमीटर. त्यापुढे येतात अनेक दिवस चालणाऱ्या टप्प्यांच्या स्पर्धा. आणि त्याही पलीकडे टूर डिव्हाइडसारखे प्रकार: कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत ४,३०० किलोमीटरच्या वर, बाहेरून कसलीही मदत न घेता.

डांबरी रस्त्यावरचा तुमचा आकडा इथे लावू नका. हैदराबाद रोडवर चार तासांत शंभर किलोमीटर करणाऱ्या माणसाला डोंगरातले साठ किलोमीटर सहा तास लावू शकतात, आणि त्यात त्याचं काहीही चुकलेलं नसतं.

निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं? अंतरच ना?

नाही. अंतर सगळ्यात शेवटी. आधी कट-ऑफ, म्हणजे स्पर्धा पूर्ण करायची वेळेची मर्यादा, मग किलोमीटरमागे किती मीटर चढ, मग उतार कसला आहे, आणि मग तारीख.

कट-ऑफपासून सुरू करू. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये लेडव्हिल ट्रेल १०० ही स्पर्धा १९९४ पासून होते. अंतर शंभर मैलांच्या वर, म्हणजे १६० किलोमीटर आणि थोडं जास्त. वेळ बारा तास. भागाकार केला तर ताशी साधारण साडेतेरा किलोमीटर येतात. आकडा ऐकून हायसं वाटतं, पण त्यात पाणी भरणं, पंक्चर काढणं, सायकल हातात धरून चढणं, सगळं आलं. शिवाय मधल्या चेकपॉईंटनाही वेळेची मर्यादा असते. म्हणून कुठल्याही स्पर्धेचं पान उघडलं की एकूण अंतराला एकूण वेळेनं भागा आणि तो वेग कागदावर लिहा. पुढच्या सगळ्या सरावाचं मोजमाप तेच.

दुसरा आकडा चढाचा. भूतानची टूर ऑफ द ड्रॅगन घ्या. बुमथांग ते थिंफू, एका दिवसात २६८ किलोमीटर, चार खिंडी आणि सुमारे ३,८०० मीटर चढ. म्हणजे किलोमीटरला १४ मीटर. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक २००४ पासून होते. आठ दिवस, वर्षागणिक बदलणारा मार्ग, साधारण ६०० ते ७०० किलोमीटर आणि पंधरा हजार मीटरच्या आसपास चढ. तिथे किलोमीटरला २० मीटरच्या वर जातं, आणि बराचसा भाग कच्च्या वाटेवर. अंतराच्या हिशेबानं केप एपिकचा एक दिवस भूतानपेक्षा खूप लहान आहे, पण पायांवर आणि हातांवर पडणारा भार वेगळाच. आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांवर शंभर किलोमीटरला पाचशे मीटर चढ कसाबसा जमतो, म्हणजे किलोमीटरला पाच. स्पर्धेचा आकडा आणि आपला हा पाच, या दोन्हींमध्ये जेवढं अंतर, तेवढी तुमची तयारी बाकी.

सोलापूर सपाट आहे. इथे राहून डोंगराची तयारी होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं ठाम मत असं: चढाची तयारी सोलापुरात होते, उताराची होत नाही. लोक मात्र चढाचीच काळजी करत बसतात.

लांब चढ म्हणजे एका लयीत, न थांबता, तासभर पॅडल मारणं. घाट असलेल्या गावात माणूस एक तास चढतो आणि पंधरा मिनिटं फुकट खाली येतो. सपाटीवर असं फुकटचं काही मिळत नाही. सकाळी साडेपाचला निघून साडेनऊला परत आलात तर चार तास पाय फिरलेले असतात. त्याला जोड आहे वाऱ्याची. जूनपासून ऑगस्टपर्यंत पश्चिमेचा वारा असा सुटतो की नळदुर्गहून परत येताना सपाट रस्त्यावर ताशी १६-१७ च्या वर काटा सरकत नाही. असा वारा समोरून घेत, सीटवर बसूनच, नेहमीपेक्षा जड गिअर टाकून, मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांनी वीस मिनिटं चालवा. दहा मिनिटं हलकं चालवा. पुन्हा वीस मिनिटं. मांड्यांवर जो ताण येतो, तो चढावरच्या ताणाच्या अगदी जवळचा. गुडघा दुखू लागला तर मात्र गिअर लगेच हलका करायचा.

खरा चढ हवाच असेल तर तुळजापूर आहे. शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर बालाघाटचा डोंगर सुरू होतो. घाट मोठा नाही. एकदा चढून फोटो काढून परत येण्यात सरावाच्या दृष्टीनं फारसं काही मिळत नाही, पण तोच घाट सलग आठ-दहा वेळा चढलात तर चांगली तयारी होते. आणखी लांब जायची तयारी असेल तर धाराशिवच्या पुढे येडशीचा रामलिंग परिसर त्याच डोंगररांगेत येतो.

कोजागरीच्या दिवसांत तुळजापूर रोडला सायकल नेऊ नका. सोलापुरातून लाखो भाविक पायी देवीला निघालेले असतात, रस्ता त्यांचा असतो. आषाढीच्या आधी पंढरपूर रोडचंही तेच.

मग उताराचं काय करायचं?

दहा किलोमीटरचा दगडी उतार माणसाला चढापेक्षा जास्त दमवतो. हाताच्या पंजाला गोळे येतात, मनगटं सुन्न होतात, ब्रेक दाबून दाबून बोटं वळेनाशी होतात, आणि अशा अवस्थेत समोरच्या वळणावर कुठून सायकल काढायची हे क्षणात ठरवावं लागतं. फुप्फुसं शाबूत असून स्पर्धा सोडणारे बहुतेक जण इथं सोडतात, किंवा पडतात.

सोलापुरात याची थोडी बाराखडी गिरवता येते. कालव्याच्या भरावाचा उतार छोटा असतो, पण तीव्र असतो. जुन्या मुरमाच्या खाणींचे उतारही उपयोगी पडतात, मालकाला विचारून आणि पाणी साचलेलं नाही हे बघून. दोन्ही पॅडल समपातळीत ठेवा, टाच खाली, कंबर थोडी मागे, नजर चाकासमोर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे. ब्रेकवर एकच बोट. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. घसरणाऱ्या मुरमावर पुढचा ब्रेक किती सहन होतो हे हळू वेगात शिकून घ्यायचं.

एवढ्यावर भागत नाही. स्पर्धेच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत महिन्यातून किमान एकदा सह्याद्रीत जाऊन पूर्ण दिवस सायकल चालवलीच पाहिजे. साताऱ्याचा यवतेश्वर घाट आणि कासकडचा भाग, किंवा पुण्याला जाऊन सिंहगड. शनिवारी जाऊन रविवारी रात्री परत येता येतं. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी अरुंद सिंगलट्रॅकची, म्हणजे एकच सायकल मावेल अशा पायवाटेची, स्पर्धा निवडू नये, जीपच्या कच्च्या रस्त्यांवरची निवडावी. स्पर्धेच्या माहितीत सिंगलट्रॅक किती टक्के हे बहुतेक वेळा दिलेलं असतं. नसेल तर आयोजकांना विचारा.

सोलापूरच्या हवामानाला कुठल्या महिन्यातली स्पर्धा जमते?

पहिल्या स्पर्धेसाठी डिसेंबर ते मार्च. यावर मी फारसा वाद घालू देणार नाही.

तारखेपासून चार-पाच महिने मागे मोजत या. सरावाचे शेवटचे दहा आठवडे सगळ्यात भारी असतात. ते आपल्या कुठल्या ऋतूत पडतात हे बघा. फेब्रुवारीची स्पर्धा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीची थंड, कोरडी पहाट मिळते, पाणंदी वाळलेल्या असतात आणि पाच-सहा तास बाहेर राहता येतं. मार्चमधली केप एपिक या हिशेबानं आपल्याला सोयीची आहे. लेडव्हिल ऑगस्टमध्ये असते, म्हणजे सरावाचे पहिले महिनेच ऐन उन्हाळ्यात येतात. एप्रिल-मेमध्ये आपला पारा ४२-४३ ला टेकतो. सकाळी नऊनंतर लांब राईड करणं धोक्याचं होतं. भूतानची स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीची, म्हणजे तिचा भारी सराव पावसाळ्यात. पाऊस आपल्याकडे एकूण कमी, पण पडतो तेव्हा काळ्या मातीचे सगळे रस्ते बंद होतात. त्या वेळी डांबरी आणि मुरमाच्या रस्त्यांवरच भागवावं लागतं.

हिवाळ्यातही एक गोष्ट सांभाळायची. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की पहाटे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. उजेड होण्याआधी निघणाऱ्यानं पुढे झगझगीत आणि मागे लुकलुकता दिवा लावलाच पाहिजे, अंगावर चमकती पट्टी पाहिजे, आणि कानात काहीही घातलेलं नसावं.

उन्हाळ्याची स्पर्धा आधीच ठरली असेल तर धीर सोडू नका. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यात रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. सोलापूरकराला हे अर्धं अधिक घरबसल्या मिळालेलं असतं. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हात थंड देशातले स्पर्धक कोलमडतात, तिथं आपल्याला त्याचा उपयोग होतो.

कच्च्या रस्त्याचा सराव सोलापूरजवळ कुठे करायचा?

शेतशिवारातल्या पाणंदी, उजनीच्या कालव्यांच्या कडेचे सेवारस्ते, हिप्परग्याच्या एकरुख तलावाकडचे कच्चे रस्ते, सीना आणि भीमेच्या काठाची गावं. हत्तरसंग कुडलला दोन्ही नद्यांचा संगम आहे. तिकडे डांबरी रस्त्यानं जाऊन आडवाटेनं परत आलात तर चांगली पाच तासांची राईड होते. पेरलेल्या रानातून सायकल घालू नये, बांधावरूनही विचारूनच जावं. शेतकरी अडवत नाहीत, उलट विहिरीचं पाणी देतात. ते नातं टिकवणं आपल्या हातात आहे.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सायकल अजिबात नको. माळरान मोकळं दिसतं म्हणून आत वळण्याचा मोह होतो. तो माळढोक, काळवीट आणि लांडग्यांचा अधिवास आहे आणि तिथे वनखात्याचे नियम लागू आहेत. बार्शी रोडवरूनच पुढे जा.

पंक्चरनं जीव नकोसा झालाय. काही उपाय?

टायर ट्यूबलेस करून घ्या, म्हणजे आत ट्यूब नाही, तिच्याऐवजी भोक आपोआप बुजवणारं सीलंट नावाचं द्रव. या भागात दुसरा उपाय नाही. वेड्या बाभळीचा काटा लांब असतो, पण तो दिसतो तरी. खरा त्रास सराट्याचा. हरभऱ्याएवढं फळ, कसंही पडलं तरी एक टोक वरच. माळावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर सायकल उभी करा आणि चाक हातानं हळूहळू फिरवा. एका टायरमध्ये सात-आठ सराटे रुतलेले सापडतात. एक उपटला की फुस्स आवाज येतो, भोकातून सीलंटचा पांढरा फेस वर येतो, चाक फिरवून भोक खाली घेतलं की दहा-पंधरा सेकंदांत आवाज थांबतो. ट्यूब असती तर त्याच ठिकाणी अर्धा तास बसावं लागलं असतं.

आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, मार्च ते जून दर दोन महिन्यांनी उघडून बघा. स्पर्धेच्या आठवड्यात नवीन भरा.

काळ्या मातीत सायकल अडकली तर?

पॅडल मारणं ताबडतोब थांबवा. ओली काळी माती टायरला थराथरानं चिकटत जाते, त्यात गवत आणि खडे मिसळतात, आणि पन्नास पावलांत फोर्क आणि चाक यांच्यामधली फट पूर्ण बुजते. जोर लावला की मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ओढला जाऊन त्याचा हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) तुटतो, आणि ती राईड तिथेच संपते. उतरा, सायकल उचलून गवताच्या कडेला न्या, काटकीनं चेनस्टे (मागच्या चाकाशेजारचा फ्रेमचा दांडा) आणि ब्रेकभोवतीची माती काढा. पाण्याची बाटली चेन धुण्यात संपवू नका, पुढे प्यायला लागेल. स्पेअर हँगर खिशात असावा. तो तुमच्याच मॉडेलचा लागतो आणि गावात ऐनवेळी मिळत नाही.

कुठली सायकल लागेल? फुल सस्पेन्शन घेऊ का?

पहिल्या स्पर्धेला २९ इंची चाकांची चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, पुरते. पैसे फ्रेमवर घालण्याआधी तीन गोष्टींवर घाला: टायर, ब्रेक आणि गिअर. टायर २.२ इंचांच्या आसपास रुंद आणि बाजूला मजबूत. लांब उतारासाठी मेटल ब्रेक पॅड, कारण चिखलात आणि सततच्या ब्रेकिंगमध्ये साधे रेझिनचे पॅड भराभर झिजतात. गिअरकडे सोलापुरात कुणाचं लक्षच जात नाही, कारण इथे सगळ्यात हलका गिअर वापरायची वेळ येत नाही. पुढच्या चकतीला ३० किंवा ३२ दात आणि मागच्या कॅसेटमधल्या सगळ्यात मोठ्या चकतीला ५० किंवा ५१ दात असतील तर दमलेल्या पायांनीही तीव्र चढ बसून चढता येतो. मागे ३६ दातच असतील तर तुम्ही चालत चढाल.

सिंगलट्रॅक जास्त असलेल्या अनेक दिवसांच्या स्पर्धेला फुल सस्पेन्शननं पाठ वाचते. तो निर्णय दुसऱ्या वर्षी घ्या.

किती आठवड्यांची तयारी लागते?

आज तुम्ही न दमता तीन तास चालवू शकत असाल तर ६० ते १०० किलोमीटरच्या एका दिवसाच्या स्पर्धेला सोळा आठवडे. अनेक दिवसांच्या स्पर्धेला निदान सहा-आठ महिने. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याचा आठवडा साधारण असा बसतो: मधल्या वारी दोन दिवस पहाटे तास-सव्वा तास, त्यातला एक दिवस वाऱ्याविरुद्धच्या जड गिअरचा किंवा घाटाचा. रविवारी लांब राईड. एक दिवस हलकी राईड आणि थोडा व्यायाम: दंड, पाठ, पोट. दर चौथ्या आठवड्याला निम्म्यावर यायचं.

लांब राईड अशा वेगात करा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आपल्याकडे रविवारच्या ग्रुपमध्ये कुणीतरी वेग वाढवतं आणि सगळे त्याच्यामागे लागतात. त्यानं ना दम वाढतो ना वेग, सोमवारी पाय मात्र दुखतात. टप्प्यांच्या स्पर्धेची तयारी असेल तर शेवटच्या दोन महिन्यांत शनिवार-रविवार सलग लांब चालवा. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी सीटवर बसणं हीच त्या स्पर्धेची परीक्षा.

बीआरएम पूर्ण केल्या आहेत. तेवढं पुरे का?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या राईड. दम आणि चिकाटीसाठी उत्तम. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत केलेल्या माणसाला दिवसभर सीटवर बसणं, रात्री चालवणं, वेळेवर खाणं शिकवावं लागत नाही. जे अजून बाकी राहतं ते हात, खांदे आणि उतार. बीआरएम करणाऱ्यांनी पहिली एमटीबी स्पर्धा जीपच्या रस्त्यांची घेतली तर त्यांना फार सोपं जातं.

हिमालयातली स्पर्धा पहिलीच घ्यावी का?

शिमल्याहून निघणारी एमटीबी हिमालया २००५ मध्ये सुरू झाली आणि भारतातल्या बहुतेक एमटीबीवाल्यांचं ते स्वप्न असतं. माझंही मत असं की प्रत्येकानं एकदा तिकडे जावंच. पण पहिलीच नको. आधी एका दिवसाची एखादी स्पर्धा सह्याद्रीत पूर्ण करा.

कारण उंची. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर आहे. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. नेपाळची याक अटॅक ही स्पर्धा जी थोरोंग ला खिंड ओलांडते, ती ५,४१६ मीटरवर आहे. तिथे दाब जवळपास निम्मा. याची तयारी सोलापुरात कुठल्याही व्यायामानं होत नाही, मास्क लावूनही होत नाही. लवकर पोहोचणं हाच उपाय. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकेदुखी आणि मळमळ होत असताना आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरायचं, मग मेडल गेलं तरी चालेल. तेव्हा अशा स्पर्धेसाठी रजा मोजताना हे आधीचे दिवस धरूनच मोजा. रजा तेवढी मिळत नसेल तर ती स्पर्धा यंदाची नव्हे.

राईडमध्ये काय खायचं? तयार एनर्जी जेल घ्यावेच लागतात का?

नाही. तीन तासांच्या वरच्या राईडला तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. सराव असेल तर ९० पर्यंत पचतात. दोन मध्यम केळी आणि तीन-चार खजूर यांत साठ ग्रॅम सहज होतात. शेंगा पोळी सोलापूरची खासियत. गूळ आणि शेंगदाणे असल्यामुळे खिशात टिकते, चवीला कंटाळा येत नाही. तिच्यात स्निग्धांश असतो, म्हणून ती सुरुवातीच्या सपाट तासांत खावी, मोठ्या चढाच्या आधी नको. राजगिऱ्याचा लाडू आणि चिक्की चालते. कडक भाकरी मात्र थांब्यावरच. धाप लागलेली असताना ती चावत बसणं जमत नाही आणि पाणीही जास्त लागतं. शेंगा चटणी राईड संपल्यावर, भाकरी आणि दह्याबरोबर, पोटभर.

पाण्याबाबत जरा जपा. आपल्या उन्हात तासाला लिटरच्या वर घाम जातो, आणि त्याबरोबर मीठही. नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटांवर सूज ही त्याची लक्षणं. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर किंवा ओआरएस, दुसरीत साधं पाणी. स्पर्धेच्या दिवशी जे खाणार ते आधी दोन महिने रविवारी खाऊन बघा.

एकट्यानं की जोडीनं?

काही स्पर्धांमध्ये जोडीशिवाय प्रवेशच नाही. केप एपिकमध्ये दोघांची टीम असते आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, नाहीतर दंड होतो. जोडीदार वेगानं बरोबरीचा असण्यापेक्षा स्वभावानं जुळणारा हवा. आधी त्याच्याबरोबर दोन दिवस सलग राईड करून बघा, एक पंक्चर आणि एक चुकलेला रस्ता त्यात येऊ द्या. त्यानंतरही दोघं हसत चहा पीत असाल तर पैसे भरा.

वय पन्नासच्या पुढे आहे. चालेल का?

चालेल. बऱ्याच स्पर्धांत वयोगट असतात. नोंदणीच्या आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी आणि त्यांना योग्य वाटली तर ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर लांब राईडच्या दिवशी ती कशी घ्यायची हे त्यांनाच विचारा. सरावात विश्रांतीचा एक दिवस जास्त धरा.

खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

नोंदणी फी हा त्यातला लहान भाग असतो. प्रवास, सायकलची पॅकिंग आणि वाहतूक, आधीचे मुक्काम, नवीन टायर-पॅड-चेन, विमा आणि बुडालेली रजा हे सगळं लिहून काढा. सह्याद्रीतल्या सरावाच्या फेऱ्याही त्यात धरा, त्या विसरल्या जातात. विमानानं जाणार असाल तर सायकलच्या दुकानातून रिकामा खोका मागून घ्या, पॅडल काढा, हँगरजवळ पुठ्ठ्याची जाड घडी ठेवा.

दोन स्पर्धांमध्ये अडकलोय. कुठली घेऊ?

दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडा: कट-ऑफचा वेग, किलोमीटरमागचा चढ, सिंगलट्रॅकचा हिस्सा, सरावाचे शेवटचे दहा आठवडे कुठल्या महिन्यांत येतात. मग एका रविवारी त्यातल्या कठीण स्पर्धेच्या निम्म्या अंतराची राईड करा, चढाचं प्रमाण शक्य तेवढं जवळ ठेवून, म्हणजे तुळजापूरच्या घाटाच्या फेऱ्या धरूनच. थांबे पकडून तुमचा सरासरी वेग कट-ऑफच्या वेगापेक्षा स्पष्ट जास्त आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर सायकल चालवता आली, तर कठीण स्पर्धा घ्या. वेग जेमतेम बरोबरीचा आला तर यंदा सोपी घ्या आणि कठीण स्पर्धेची नोंदणी पुढच्या वर्षी कधी उघडते ते आत्ताच बघून ठेवा. लेडव्हिलसारख्या ठिकाणी बहुतेक प्रवेश सोडतीनं होतात आणि अर्ज स्पर्धेच्या कितीतरी महिने आधी भरावे लागतात.